४८ व्या वर्षी नोकरी सोडू का? आकडे देतोय, बिनधास्त बोला

नेरुळकर७७
मंडळी नमस्कार, बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं. वय ४८, महापेला आयटीत, नोकरी एकूण २४ वर्षं झाली. नेरुळला सिडकोच्या बिल्डिंगमधे टू बीएचके, लोन २०२१ ला फिटलं. बायको ठाण्यात खासगी शाळेत शिकवते, हातात ४५ हजार येतात. मुलगी अकरावीत. पीएफ ६२ लाख, पीपीएफ २१, म्युच्युअल फंड १ कोटी १०, एफडी २५, म्हणजे २ कोटी १८ लाख. घरखर्च महिना ७५ हजार, त्यात मेंटेनन्स आणि आईची औषधं आली.

कंटाळा आलाय हो. कामाचा नाही, रात्री साडेनऊच्या कॉलचा आणि मग त्या कॉलवर काय ठरलं ते ठरवायच्या दुसऱ्या कॉलचा. परवा तुर्भ्याला सिग्नलवर बसल्या बसल्या राजीनाम्याचा मेल मनातल्या मनात पूर्ण लिहून झाला, मागच्याने हॉर्न मारला तेव्हा कळलं की सिग्नल कधीच सुटलाय. ४ टक्क्यांच्या नियमाने (पहिल्या वर्षी जमा रकमेतले ४ टक्के काढायचे, मग महागाईप्रमाणे वाढवत जायचं) वर्षाचे ९ लाख जवळजवळ बसतायत. मग थांबलोय कशाला तेच कळत नाही. जे सोडून बसलेत त्यांनी सांगा.

घोडबंदरचा_मुनीम
आधी तो ४ टक्केवाला नियम बाजूला ठेवा. बेंगेन नावाच्या अमेरिकन सल्लागाराने १९९४ मधे तिकडच्या शेअर आणि बॉण्डच्या आकड्यांवर काढलेला आहे तो, आणि तोही ३० वर्षांसाठी. तुम्हाला पैसा पुरवायचाय ४० वर्षं, तोही इकडच्या महागाईत. ६ टक्के महागाई धरली तर १२ वर्षांत खर्च दुप्पट, म्हणजे तुम्ही साठीला पोचाल तेव्हा आजचे ७५ हजार दीड लाख झालेले असतील.

मी ३ टक्के धरतो. त्यातून मुलीच्या शिक्षणाचे १५ लाख तरी आधीच वेगळे काढा (ते ७५ हजारात नाहीयेत ना? नसणारच, सगळे हेच विसरतात). उरले २ कोटी ३ लाख, त्याचे ३ टक्के म्हणजे महिन्याला साधारण ५० हजार. अधिक वहिनींचे ४५. जमतंय की! पण वहिनी नोकरी करतायत तोवरच जमतंय, हे लक्षात घ्या.

पीएफ नोकरी सोडल्यावर तसाच ठेवला तर व्याज येत राहतं, २०२४-२५ ला ८.२५ टक्के होतं, पण सोडल्यानंतरच्या व्याजावर टॅक्स लागतो. आणि ईपीएसच्या (पीएफबरोबर असते ती) पेन्शनवर फार भिस्त ठेवू नका, ती पूर्ण मिळते ५८ ला, ५० नंतर आधी घेतली तर दर वर्षामागे ४ टक्के कापतात. भाजीचे पैसे सुटतील फारतर.

नौपाड्याचे_काका
मी ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीतून २०२३ ला व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेतली, तेव्हा ५५ पूर्ण होतं म्हणून सीनियर सिटिझन स्कीममधे ३० लाख टाकता आले, ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ६१,५०० येतात. तुला ते नाही मिळणार, नुसता राजीनामा दिलास तर ६० पर्यंत थांबावं लागेल.

पैशाचं वरच्यांनी सांगितलंय, मी दिवसाचं सांगतो. पहिले दोन महिने सकाळी कचराळी तलावाला चकरा, मग कटिंग, पेपर, मजा. तिसऱ्या महिन्यात सोसायटीने सेक्रेटरी केलं कारण "काका घरीच असतात". रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगा चालू आहेत, तुला सांगतो कंपनीचे कॉल परवडले, तिथे निदान कोणी पार्किंगवरून आई-बाप काढत नाही. नातेवाईकांची बँकेची कामं, साडूला एअरपोर्टला सोडणं, सगळं आपल्याकडे. सोडल्याचा पश्चात्ताप नाहीये, पण साडेनऊला जेवून अकराला काय करायचं हे आत्ताच ठरव, नाहीतर ते लोक ठरवतात.

सायली_ऐरोली
सगळ्यांनी हिशोब केला, छान. पण दादा, तुमच्या पोस्टमधे बायको ४५ हजारांच्या पलीकडे कुठे आहे? तिला विचारलंत का? तिला पण ठाण्याच्या लोकलचा कंटाळा आला असेल की. माझा नवरा ५० ला घरी बसला. पहिल्याच महिन्यात भांडीवाली बाई पाणी जास्त वापरते असं म्हणून तिला समजवायला गेला, ती सोडून गेली, मग महिनाभर भांडी त्यानेच घासली (हे एक बरं झालं). मी सात चाळीसला डबा घेऊन निघायचे आणि हा बाल्कनीत चहा पीत टाटा करायचा, काय वाटायचं मला ते मलाच माहीत. नंतर नीट बोललो, आता स्वयंपाक, सासूबाईंचा डॉक्टर सगळं तो बघतो. पण हे आधी बोलायला हवं होतं.

कोपरखैरणे_लोकल
एजंट नाही हां मी, आधीच सांगतो. मेडिक्लेम कंपनीचाच आहे ना? तो शेवटच्या दिवशी संपतो. स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच काढा, आधीपासूनच्या आजारांना ३ वर्षांपर्यंत वेटिंग पिरियड असू शकतो, तो आत्ता चालू झाला तर बरा. आणि फॉर्मवर काही लपवू नका, क्लेमच्या वेळी तेच काढतात.

नेरुळकर७७
उशिरा लिहितोय, सॉरी. कोपरखैरणेवाल्यांचं वाचून त्याच आठवड्यात फॉर्म भरला, मेडिकल झाली, एचबीएवनसी ७.४ आलं. मला शुगर आहे हे मला माहीतच नव्हतं. प्रीमियम वाढवून का होईना पॉलिसी मिळाली, पण शुगरला ३ वर्षं वेटिंग आहे.

सायलीताई, विचारलं हो बायकोला. आधी बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली मला पण ५० ला सोडायचंय, तू विचारलं नाहीस म्हणून मी बोलले नाही. ती ४६ ची आहे. मुनीमसाहेब, आता ते ४५ हजार फक्त चार वर्षं धरून परत हिशोब करून द्याल का? तोवर रात्रीच्या कॉलला मी इअरफोन लावून पाम बीचच्या बाजूला चालायला जातोय, म्यूट करून.