‘गज फसला’ की ‘गज अडकला’?

बर्डीकर

एका नेमबाजी रेंजसाठी रायफलच्या निगेची पत्रिका मराठीत करतो आहे. बाकी सगळं झालं, एका परिच्छेदावर घोडं पेंड खातंय. साफ करताना गज, म्हणजे नळी पुसायची सळई, नळीतच राहिला तर काय करायचं, त्याचा तो परिच्छेद. माझा मसुदा असा:

‘गज नळीत फसल्यास जोर लावू नये. रायफल रिकामी आहे याची आधी खात्री करावी व बोल्ट काढून ठेवावा. नळीत दोन्ही तोंडांकडून पातळ तेल सोडून रात्रभर मुरू द्यावे. गज ज्या बाजूने आत गेला त्याच बाजूने बाहेर घ्यावा. फसलेली वस्तू उडवून लावण्यासाठी काडतूस, ब्लँकसुद्धा, कधीही झाडू नये. नळी फुटते.’

मुद्रितशोधन पुण्याहून झालं. दोन्ही ‘फस’ खोडून ‘अडक’ केलेत. बाजूला शेरा आहे: ‘फसणे म्हणजे ठकवले जाणे. निर्जीव वस्तूला लागत नाही.’ मी नागपूरचा. माझ्या कानाला ‘गज अडकला’ अगदीच बोथट वाटतं. अडकला म्हणजे कपडा खिळ्याला अडकतो तसा, जरा मागे घेतला की सुटतो. इथे तर हलायचं नावच नाही.

दुसरं, पुलथ्रूला ‘ओढदोर’ आणि चिंदीला ‘स्वच्छतापट्टी’ सुचवलंय. जाणकारांनी मत द्यावं.

कामठी कॅडेट

दादा, चिंदीला हात लावू देऊ नका. एनसीसीत आणि फौजेत सगळीकडे हाच शब्द चालतो, हिंदीत शिकवतानासुद्धा. साफ करायची चिंदी 4 इंच बाय 2 इंच, तेल द्यायची त्याहून अरुंद. ‘स्वच्छतापट्टी’ म्हटलं तर स्टोअरमधला माणूस तुमच्या तोंडाकडे बघत राहील.

पुलथ्रूही तसाच ठेवा. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. मजबूत दोर असतो, एका टोकाला पितळेचं वजन. वजन मागून, म्हणजे बोल्टच्या बाजूने, नळीत सोडायचं, पुढून बाहेर आलं की एका दमात सरळ ओढायचं. तिरपं ओढलं तर दोर नळीच्या तोंडावर घासतो आणि घासून घासून तिथे खाच पडते. मग नेम गेला. जुन्या थ्री नॉट थ्री रायफलच्या पुलथ्रूला तीन फास असत. वजनाजवळच्या पहिल्यात तारेची जाळी, दुसऱ्यात चिंदी. तिसरा रिकामा. चिंदी जाड झाली आणि पुलथ्रू मध्येच फसला, तर त्या तिसऱ्या फासात दोरी बांधून मागे ओढायचा.

बघा, मीपण ‘फसला’च लिहिलं. दुसरा शब्द आलाच नाही.

शनिवारातली

मीही मुद्रितशोधनच करते, हे काम माझ्याकडे नव्हतं. तरी बाजू मांडते. प्रमाण मराठीत या एका अवस्थेला किती शब्द आहेत पाहा. आडवं काही आलं की अडकतं. मऊ वस्तूत खाली गेलं की रुततं. पुढे जाता जाता कशाला तरी टेकून थांबलं की तटतं. पाणी, सांडपाणी तुंबतं. एवढी बारीक छटा आपल्याकडे असताना हिंदी ‘फँसना’ कशाला उचलायचा? ‘फसणे’ला मराठीत एक अर्थ पक्का झालेला आहे. वाचणारा क्षणभर थबकतो, आणि सुरक्षेच्या सूचनेत ते थबकणं परवडत नाही.

वऱ्हाडी पाटी

ताई, ‘बेत फसला’ म्हणता की नाही? ‘प्रयोग फसला’ म्हणता की नाही? बेत न् प्रयोग कोणते सजीव आहेत? मंग निर्जीवाले लागत नाही हा नियम आला कुठून?

आमच्या इकडं बैलगाडी चिखलात फसते, पोराचं बोट दारात फसते, अन् बोअरमधी मोटर फसते. मोटर अडकली म्हणणारा मले तरी अजून भेटला नाही. अन् हे हिंदीतून आलं म्हणाल तर ‘फास’ काय हिंदी आहे? फाशी, फासा, फासेपारधी, सगळं आपल्या घरचं. फासात गेलं की फसलं. आधी जनावर फासात फसलं, मंग माणूस बोलण्यात फसला. म्हंजे नागपूरवाल्यांनी जुना अर्थ ठेवला, पुण्यानं नवा धरला. आता शुद्ध कोणतं ते तुमीच सांगा.

शनिवारातली

‘पाश’पासून ‘फास’ हे मलाही पटतं. पण शब्दाचं मूळ म्हणजे शब्दाचा आजचा अर्थ नव्हे. पत्रिका वाचणारा व्युत्पत्ती काढत बसणार नाही.

बर्डीकर

पत्रिका रेंजच्या भिंतीवर लागणार आहे, इथेच. वाचणारे सगळे इथले.

सारंगीप्रेमी

मला ‘गज’ शब्दाचं कौतुक वाटलं. सारंगीचाही गज असतो, खिडकीचाही, आणि बंदुकीचाही. माझ्या गुरुजींचं म्हणणं असं की हा गज म्हणजे हत्तीच. हत्तीच्या सोंडेसारखा लांब, म्हणून गज.

जुना शस्त्रागारवाला

हत्तीचा इथे संबंध नाही. हा फारसी गज. लांबी मोजायची काठी, मग कुठलीही सरळ सळई. ठासणीच्या बंदुकीत दारू, वर गोळी, आणि ते गजाने ठासायचं. बंदुकीसोबत तो शब्द तेव्हापासून आहे. मधल्या काळात ठासायचं काम गेलं, पुसायचं राहिलं, गज तोच. म्हणून ‘स्वच्छतादंड’ वगैरे कुणी सुचवलं तर ऐकू नका.

आता मूळ गोष्टीवर येतो, कारण माझं आयुष्य शस्त्रागारात गेलं आणि तुमच्या मसुद्यातलं एक वाक्य मला खटकतं. तुम्ही ‘फसला’ लिहा की ‘अडकला’, दोन्ही शब्द फार मोठे आहेत. नळीत तीन वेगळ्या गोष्टी होतात आणि तिन्हींचा उतारा वेगळा.

एक, चिंदी जाड घेतली. गज निम्मा गेला आणि चिंदी दाटली. पॉइंट टू टू रायफलची नळी जेमतेम 5.6 मिलिमीटरची, चिंदीची एक घडी जास्त झाली तरी पुरते. आम्ही म्हणायचो ‘बोळा बसला’. कानात बोळा, मोरीत बोळा, तसाच. पुढे रेटाल तर बोळा आणखी घट्ट होतो आणि बारीक गज नळीत वाकून भिंतीला घासतो. इथे तुमचं वाक्य बरोबर आहे: तेल मुरू द्या, आला तसा मागे घ्या. हाताने येत नसेल तर पुढच्या तोंडातून सपाट टोकाची पितळी सळई घालून लाकडी हातोडीने हलके हलके ठोके द्या. लोखंडी सळई नको, आतले पेच, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या खाचा, खरवडले जातात.

दोन, तारेचा ब्रश. ब्रश आत जाताना तारा सगळ्या मागे झोपतात, केसांवरून हात फिरवल्यासारख्या. निम्म्यात थांबून तुम्ही उलटा ओढला की त्याच तारा उभ्या राहून भिंतीत टोचतात. जितकं ओढाल तितकं जास्त. हा ‘उलटा धरला’. इथे ‘आत गेला त्याच बाजूने बाहेर’ हे वाक्य चुकीचं ठरतं. ब्रश पुढेच न्यायचा, पार बाहेर काढायचा आणि मग परत आणायचा. नव्या पोरांचा ब्रश नेहमी इथेच थांबतो.

तीन, काहीतरी तुटलं. पुलथ्रूचा दोर तुटला, नाहीतर ब्रशचे आटे सुटून तुकडा आत राहिला. गजाची मूठ फिरती नसली की आटे सुटतात, कारण पेच ब्रशला फिरवतात आणि गज मात्र तुमच्या मुठीत घट्ट असतो. हे ‘आत राहिलं’. याला हात लावायचा नाही. नळी तापवायची नाही, ड्रिल घालायचा नाही, आतली चिंदी जाळायची नाही. फौजेत आर्मररकडे, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याकडे, बाहेर परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे.

काडतूस झाडू नये हे तुम्ही लिहिलंत, ते ठळक करा. पुढे अडथळा असला की मागचा वायू कोंडतो आणि नळी तिथेच फुगते नाहीतर फाटते. बंदूक डोळ्याजवळ असते.

बर्डीकर

काकाजी, हे सोनं आहे. मूळ पत्रिकेत तिन्हींना एकच इंग्रजी शब्द आहे, म्हणून मीही एकच धरला होता. बोळा बसला, उलटा धरला, आत राहिलं, असे तीन भाग करतो.

शनिवारातली

मीही हेच म्हणत होते की नेमका शब्द हवा. ‘बोळा’ आणि ‘दाटली’ उत्तम आहेत. ‘दट्ट्या’ही त्याच ‘दाट’चा असावा, पंपाचा दट्ट्या. आतल्या आत घट्ट सरकणारा.

वऱ्हाडी पाटी

म्हंजे आता ‘फसला’ काढून टाकणार का? तिन्ही भागांवर एक मथळा लागन ना. ‘नळीत काही फसले तर’. पोरगं घाबरलं असन, हात तेलकट असतीन, तवा त्याच्या तोंडात जो शब्द आहे तोच भिंतीवर पायजे. ‘तटले’ लिहाल तर तो दुसरी पाटी शोधत बसन.

भाषाव्रती

एवढी चर्चा झाली, पण मुळात सगळे परके शब्द गोंजारणं चाललं आहे. पुलथ्रू, ब्रश, बोल्ट, आर्मरर. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यात शस्त्रवर्ग असा वेगळा विभाग आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी राज्यकर्त्याला वाटलं की शस्त्रांची नावंही आपल्या भाषेत असावीत. सावरकरांनी तेच पुढे नेलं. आज ‘महापौर’, ‘दिनांक’ म्हणताना कुणाला अडचण येते? ‘ओढदोर’ चार वर्षं वापरा, अंगवळणी पडेल. न वापरताच नाकारायचं हे बरं नाही.

जुना शस्त्रागारवाला

तुमची तळमळ कळते. पण मग बंदुकीपासून सुरुवात करावी लागेल. बंदूक अरबी, मूळ अर्थ हेझलनटसारखं फळ, त्यावरून गोळी. तोफ तुर्की. काडतूस आणि पिस्तूल पोर्तुगीजांकडून. बंदुकीच्या अंगावर जे उरलं ते आपण केलेलं: घोडा, चाप, कान, ठासणं. कामातून आलेले शब्द टिकतात. ‘ओढदोर’ कुणाच्या हातून आलेला नाही, टेबलावर बसून केलेला आहे.

भाषाव्रती

‘दिनांक’ही टेबलावरच झाला.

शनिवारातली

हे खरं आहे. आणि ‘ओढदोर’ ऐकून काय करायचं ते लगेच कळतं, ‘पुलथ्रू’ ऐकून कळत नाही. पत्रिकेत पहिल्यांदा ‘पुलथ्रू, म्हणजे ओढायचा दोर’ असं लिहून पुढे पुलथ्रू ठेवला तर?

कामठी कॅडेट

आम्ही ट्रेनिंगला गेलो तेव्हा पहिल्या दिवशी उस्तादांनी पुलथ्रू हातात दिला, नाव सांगितलं, झालं. हातात वस्तू आल्यावर नावाचा अर्थ कोण विचारतं? आणि या पोरांची भरती झाली तर पुढे ‘पुलथ्रू’च ऐकणार आहेत. तिथे ‘ओढदोर’ म्हणून काय मिळणार?

भाषाव्रती

तिथे काय म्हणतात ते तिथे. भिंत आपली आहे.

धरमपेठची ताई

मध्येच बोलते, पण मला ‘चिंदी’वर अडकायला झालं. (अडकायलाच, फसायला नाही.) आमच्या घरी ‘चिंधी’ म्हणतात, ध आहे. कृष्णाचं बोट कापलं तेव्हा द्रौपदीने शेला फाडून बांधली ती चिंधी, तिथेही ध. मग फौजेत द कुठून आला? आणि ‘चिंदीचोर’मध्ये तर सगळेच द म्हणतात, पण तो मुंबईच्या हिंदीतून आला असं वाटतं.

वऱ्हाडी पाटी

ताई, आमच्या घरी चिंध्याच म्हणतात, ‘अंगावर चिंध्या लोंबून राहिल्या’. पण दुकानात शिंपीदादा ‘चिंद्या’ म्हणते. दोनी चालते.

कामठी कॅडेट

हिंदीत ‘चिंदी’ आहे, दक्षिणेतले उस्तादही चिंदीच म्हणायचे. माझा आपला अंदाज, फौजेत शब्द मराठी पलटणींकडून गेला असेल आणि जाताना ह गळला असेल.

जुना शस्त्रागारवाला

अंदाज म्हणून ठीक. पण उलटाही असू शकतो. स्टोअरच्या वहीत मी दोन्ही पाहिलेत. मराठी कारकून असला की ‘चिंधी’, नाहीतर ‘चिंदी’. कापड तेच, मऊ फ्लॅनेल, आणि फाडताना नेहमी सुताच्या ओळीत फाडायचं, नाहीतर सुटलेले धागे नळीत राहतात.

धरमपेठची ताई

पूर्वेकडचं, भंडारा-गोंदियाचं कुणी आहे का इथे? तिकडे झाडीबोलीत काय म्हणतात? माझ्या सासूबाई तुमसरच्या, त्या ‘चिंधोटी’ म्हणतात असं मला ऐकू येतं, पण विचारलं की हसतात आणि सांगत नाहीत.