मारहाण सोसणाऱ्या भगिनीसाठी मंडळीने नेमके काय करावे?

प्रश्न (कमिटी सदस्या, अहिल्यानगर जिल्हा):
आमच्या ग्रामीण ख्रिस्ती मंडळीतील (चर्चमधील) एका भगिनीला नवरा मारतो, हे सर्वांना ठाऊक आहे. भर मे महिन्यात ती मनगटापर्यंत बाह्यांचे पोलके घालून उपासनेला येते आणि प्रभुभोजनाचा प्याला दोन्ही हातांनी सावरून धरते. मागील महिन्यात पाळकसाहेबांनी दोघांना समोरासमोर बसवले, प्रार्थना झाली, नवऱ्याने क्षमा मागितली, तिने मान हलवली. आणि त्याच रात्री, घरची गोष्ट बाहेर का नेलीस म्हणून, तिला पुन्हा मार बसला. देवाने जोडलेले माणसाने तोडू नये, असे कमिटीतील वडीलधारे म्हणतात. मंडळीने यात कुठवर जावे?

उत्तर (निवृत्त पाळक):
ताई, मीही कित्येक वर्षे नवराबायकोला असेच एका खोलीत बसवत आलो आणि त्याचा पश्चात्ताप मला आजही होतो. ज्याच्या पावलांच्या आवाजाने जीव दचकतो, त्याच्यासमोर ती बाई खरे कसे बोलणार? तिला एकटीला भेटा, तेही पाळकीणबाईंच्या मार्फत, आणि ती काय बोलली ते नवऱ्याच्या कानी जाऊ देऊ नका. वडीलधाऱ्यांनी पुढे केलेले वचन मत्तयाच्या एकोणिसाव्या अध्यायातले आहे. कोणत्याही कारणावरून बायकोला टाकावे काय, असे विचारणाऱ्या परूश्यांना, म्हणजे त्या काळच्या कर्मठ यहुदी धर्मपंथीयांना, प्रभूने ते उत्तर दिले. बायकोला वाऱ्यावर सोडू पाहणाऱ्या पुरुषांना आवरण्यासाठी उच्चारलेले ते शब्द आपण मार खाणाऱ्या बाईला बांधून ठेवण्यासाठी वापरतो, ही मोठी चूक आहे. नवऱ्याकडे मंडळीचे कोणतेही पद असेल तर ते आधी काढून घ्या. डोळ्यांतील पाण्यावरून पश्चात्ताप ओळखू नका; तिला वेगळे राहायचे असेल तेव्हा तो मुकाट्याने मान्य करतो का, ते पाहा.

उत्तर (वकील, पुणे):
कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा 2005 चा कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. त्याच्या कलम 4 नुसार कोणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकते आणि ती सद्भावनेने दिली असेल तर तिच्यावर कोणतेही दायित्व येत नाही. मात्र त्या भगिनीला विचारल्याशिवाय हे पाऊल उचलू नका, कारण त्याचे परिणाम तिलाच त्या घरात सोसावे लागतात. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असले तरी सामायिक घरात राहण्याचा हक्क तिला कलम 17 देते. या कायद्याखाली न्यायालयाने दिलेला संरक्षण आदेश मोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. जीवावर बेतले तर 112 वर, एरवी मदतीसाठी महिला हेल्पलाइन 181 वर फोन करा. ख्रिस्ती स्त्रीला पूर्वी घटस्फोटासाठी नवऱ्याच्या क्रूरतेबरोबर त्याचा व्यभिचारही सिद्ध करावा लागत असे. 2001 च्या दुरुस्तीनंतर क्रूरता हे एकच कारण पुरेसे आहे.

उत्तर (वसई):
आम्हा कॅथलिकांमध्येही वेगळे राहणे म्हणजे पाप, असा समज घट्ट आहे. वास्तविक आमच्या चर्चच्या धर्मसंहितेचे (कॅथलिक चर्चच्या नियमसंग्रहाचे) कलम 1153 जोडीदारामुळे जीवाला किंवा आत्म्याला गंभीर धोका असेल तर विभक्त राहण्यास परवानगी देते. 2016 साली पोप फ्रान्सिस यांनीही असे विभक्त होणे कधीकधी नैतिकदृष्ट्या आवश्यक ठरते, असे लिहिले. केवळ वेगळे राहते म्हणून कोणालाही ख्रिस्तप्रसाद नाकारता येत नाही, हे धर्मगुरूंनी वेदीवरूनच सांगायला हवे, कारण बाया तिथेच ऐकत असतात.

उत्तर (स्वतः यातून गेलेली):
माझ्यासाठी प्रार्थना सगळ्यांनीच केली. परंतु एका मावशींनी, 'तुझे कागद माझ्याकडे ठेव,' असे म्हटले आणि आधार कार्ड, बँकेचे पासबुक व मुलांचे जन्मदाखले त्यांच्या ज्वारीच्या कोठीमागे आठ महिने राहिले. विवाहाच्या दाखल्यासाठी मात्र मला तीन रविवार हेलपाटे घालावे लागले. नवऱ्याला विचारून देतो, असे मला सांगण्यात येई. रजिस्टर मंडळीच्या कपाटात असते, त्यामुळे ते काम तरी मंडळीने कोणालाही न विचारता करावे.

प्रश्नकर्ती:
सर्वांची आभारी आहे. गुरुवारी महिला मंडळाची सभा पाळकीणबाईंच्या घरी आहे आणि त्या वेळी तिचा नवरा साखर कारखान्यावर पाळीला असतो. रजिस्टरमधील नोंदीचा दाखला मी आजच पाळकसाहेबांकडे मागितला आहे. तो मी स्वतः तिच्या हातात देईन आणि पुढचे ती सांगेल तसे करेन.