करवतीवर भूप : हसायचं की उठून जायचं?

पोहे_जिरावन: परवा इथे इंदूरला आमच्या कॉलनीच्या गणपतीत एका काकांनी सुताराची करवत गुडघ्यांत धरली, पातं वाकवलं आणि दात नसलेल्या कडेवर व्हायोलिनचा गज फिरवत चक्क भूप राग वाजवला, मग पाण्याच्या बाटल्यांवर दुर्गा राग. अर्धं पब्लिक हसून लोटपोट, पुढच्या रांगेतले एक आजोबा उठून गेले. मला तर जाम आवडलं बुवा. व्हिएन्नात १९९८पासून भाज्यांचा ऑर्केस्ट्रा चालतो, गाजराच्या बासऱ्या वगैरे, आणि शेवटी प्रेक्षकांना भाज्यांचं सूप पाजतात. त्यात कुणाचा अपमान होतो?

झूमरा_विलंबित: आजोबा बरोबर होते. अमीर खांसाहेबांसारख्या थोर ख्यालगायकाच्या गावात हे चाळे! टाळ्या भूपाला नाही, करवतीला पडल्या. आणि करवतीवर एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना पातं घसरतंच, त्याला मींड, म्हणजे गायक-वादक मुद्दाम घेतात ती सुरांमधली सलग घसरण, म्हणू नका.

सराफ्यातला: अहो पण आपल्याच मध्य प्रदेशात, मैहरला सरोदवाले बाबा अलाउद्दीन खांनी बंदुकीच्या नळ्यांचा नलतरंग केला ना? आणि जलतरंग म्हणजे तरी काय, पाणी भरलेल्या वाट्याच की. पेटीलासुद्धा आकाशवाणीने १९४०पासून तीसेक वर्षं दाराबाहेर ठेवलं होतं, आज पेटीशिवाय मैफल होते का सांगा.

झूमरा_विलंबित: नलतरंग हसवायला नव्हता केला हो. संतूरवादक शिवकुमार शर्मांनी संतूरच्या तारा, तारांखालच्या घोड्या सगळं बदललं, कारण राग वाजायला हवा होता. इथे उलटं, वाद्य गमतीचं म्हणून राग धरून आणलाय.

पोहे_जिरावन: मग १९५६ला लंडनला माल्कम अर्नोल्ड या इंग्रज संगीतकाराने फुल ऑर्केस्ट्रासोबत तीन व्हॅक्यूम क्लीनर, एक फरशी घासायचं मशीन आणि चार बंदुका वाजवल्या त्याचं काय?

झूमरा_विलंबित: त्याने स्वतःची रचना विनोदासाठीच लिहिली, खुशाल लिहावी. भूप काय त्या काकांनी बांधलाय?

तबला_ऐकणारी: मला बाटल्यांचं सांगा, फुंकल्या की ठोकल्या?

पोहे_जिरावन: दोन्ही! तीच तर मजा. ठोकताना जास्त पाणी म्हणजे खालचा सूर, फुंकताना जास्त पाणी म्हणजे वरचा. त्यांनी ओळ आधी चमच्याने ठोकली तर आरोह, मग त्याच क्रमाने फुंकत गेले तर अवरोह!! लोक येडे झाले.

तबला_ऐकणारी: आयडिया भारी, पण ठोकून लावलेल्या बाटल्या फुंकल्यावर सुरात कशा येतील? दुर्गाचे पाच स्वर तसेच्या तसे लागणं कठीणच. म्हणजे विनोद जमला, राग गेला. मी एरवी तुमच्या बाजूची, पण इथे झूमरांना मार्क.

पोहे_जिरावन: नाही हो, आरोह-अवरोहाची ती नुसती गंमत होती. दुर्गा वाजवला त्या फुंकायच्या बाटल्या वेगळ्या होत्या, कार्यक्रमाआधी अर्धा तास पेटीशी एकेक लावत बसले होते, थेंब थेंब पाणी टाकून, मी स्वतः पाहिलंय.

झूमरा_विलंबित: अर्ध्या तासात दोन तंबोरे लागतात.