सल्ला हवा: नेब्रास्कातलं मातीचं घर, १८८६

पानगळ:
कादंबरीतलं एक प्रकरण अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातल्या कस्टर काउंटीत घडतं. नायिका विधवा, पदरी दोन मुलं. ती गवताळ मातीच्या लाद्यांचं 'सॉड हाउस' बांधून घेते. भिंती कशा रचत? जमीन तिच्या नावावर झाली असती का? जाणकारांनी कृपया सांगावं.

आडवाट:
सुरुवात नांगरापासून करा. साधा नांगर माती उलथून मोडतो. इथे 'ग्रासहॉपर' नांगर लागे. तो मुळांच्या जाळ्यासकट फूटभर रुंद आणि चार इंच जाड सलग पट्टा सोलून काढी. मग फावड्याने त्याचे तीन-तीन फुटांचे तुकडे करत. दिवसभरात रचून होईल तेवढंच कापायचं, कारण लादी वाळली की कडा झडतात.

लादी ठेवताना गवत खाली, मुळं वर. दोन लाद्या शेजारी-शेजारी, म्हणजे भिंत दोन फूट जाड. सांधेमोड सांभाळायची, म्हणजे वरच्या थरातला सांधा खालच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही, आणि दर तिसऱ्या-चौथ्या थरात लाद्या आडव्या टाकायच्या, नाहीतर आतली आणि बाहेरची रांग एकमेकींपासून सुटते. फटींत भुसभुशीत माती भरायची.

बाहेरून २० × १६ फुटांचं घर धरलं, तर आत १६ × १२ च उरतं. सात फूट उंचीला २१ थर. अशी एक लादी बरोबर एक घनफूट भरते, म्हणजे दारं-खिडक्या वजा न करता जवळपास ९०० लाद्या, त्याही फक्त भिंतींना. एकट्या बाईकडून एवढं काम उरकून घेऊ नका, शेजारी मदतीला दाखवा.

लिहिणारे हमखास विसरतात ती गोष्ट म्हणजे भिंत दबून खाली बसते. म्हणून खिडकीच्या चौकटीवर काही इंच मोकळे सोडून तिथे चिंध्या किंवा गवत कोंबत. ही फट ठेवली नाही तर चौकट पिचते आणि काच तडकते.

कानोसा:
जमिनीबद्दल. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर मिळत. अर्जदार एकवीस वर्षांचा किंवा कुटुंबप्रमुख हवा, त्यामुळे विधवेला अर्ज करता येई. नवरा नांदवत असलेल्या बाईला सहसा नाही. परदेशातून आली असेल तर नागरिक व्हायचा इरादा आधी नोंदवायला हवा. पाच वर्षं राहून, जमीन कसून, शेवटी दोन साक्षीदार उभे करायचे. दफ्तराची फी भरावी लागे, तेव्हा 'फुकट जमीन' असं सरसकट लिहू नका.

पानगळ:
फार उपयोगी! छप्पर आपल्याकडच्या मातीच्या सपाट धाब्यासारखंच ना? आणि चुलीत बायसनच्या (तिथल्या रानटी गुरांच्या) गोवऱ्या दाखवल्या तर चालतील?

आडवाट:
धाब्याच्या जवळचं, पण आढं उंच आणि दोन्हीकडे उतार. आढ्याला बहुधा सीडारचं लाकूड, वर फांद्या, गवत, मग लाद्या. पाऊस थांबला तरी आत थेंब पडतच राहत. भिजलेल्या मातीच्या वजनाने आढं मोडण्याची भीती खरी होती. छताखाली मांजरपाट ताणत, म्हणजे माती, किडे, कधी सापसुद्धा ताटात पडू नयेत.

बायसन मात्र काढाच. १८८६ पर्यंत त्यांचे कळप संपले होते. गाईगुरांच्या गोवऱ्या, मक्याची बुरकुंडं आणि पिळून गाठी मारलेलं वाळकं गवत दाखवा. गवत भराभर जळून जातं, तेव्हा हिवाळ्यात कुणीतरी सतत पिळत बसलेलं हवं. तिच्या मुलांना हेच काम द्या.

कानोसा:
सॉलोमन बुचरने १८८६ पासून याच काउंटीत घरांसमोर कुटुंबं उभी करून फोटो काढले. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर ते मोठे करून पाहता येतात. चौकटी, छपराच्या कडा आणि दाराबाहेरची अवजारं बारकाईने बघा.