सब्स्टन्स पी हरलं, सीजीआरपी जिंकलं, कसं काय?

ताळगावची_एमएस्सी: सेमिनारला न्यूरोपेप्टाइड (चेतापेशी निरोप द्यायला सोडतात ती छोटी प्रथिनं) घेतलंय. सब्स्टन्स पी आणि सीजीआरपी ही दोन्ही पेप्टाइड वेदनेच्या त्याच चेतातंतूंत, मग मायग्रेनवर औषध सीजीआरपी अडवणारंच का? सरांना विचारलं तर ‘पेपर वाच’ म्हणाले.

म्हापशाचा_फार्मासिस्ट: सब्स्टन्स पी अगदीच वाया नाही गेलं हो. त्याचा एनके१ रिसेप्टर (पेशीवरचं, निरोप पकडणारं प्रथिन) अडवणारं अ‍ॅप्रेपिटंट २००३ पासून केमोच्या उलट्यांवर आहे. वेदनेवर मात्र एनके१ अडवणं उंदरांत चाललं, माणसांत आपटलं.

जुना_रिसर्चवाला: सब्स्टन्स पी १९३१ चं, पण त्यातली ११ अमिनो आम्लं कळायला १९७१ उजाडलं. सीजीआरपीत ३७ अमिनो आम्लं, आणि खरी गंमत त्याच्या रिसेप्टरात. सीएलआर हे प्रथिन एकटं काही कामाचं नाही, सोबत रॅम्प१ हे मदतनीस प्रथिन लागतं. रॅम्प२ आलं तर तोच सीएलआर अ‍ॅड्रेनोमेड्युलिन ह्या दुसऱ्याच पेप्टाइडचा रिसेप्टर होतो! १९९८ चा नेचरमधला रॅम्पचा पेपर आधी वाच, रिव्ह्यू नंतर. २०१८ चं मायग्रेनचं औषध एरेनुमॅब सीएलआर-रॅम्प१ ह्याच जोडीला धरून अडवतं. शिवाय सीजीआरपी टोचलं की मायग्रेनवाल्यांचं डोकं उठतं. माणसातला एवढा थेट पुरावा सब्स्टन्स पीकडे नव्हता.

ताळगावची_एमएस्सी: देव बरें करूं! रॅम्पवर दोन स्लाइड वाढवते. आईला अजून एरेनुमॅबबद्दल सांगितलं नाही, नाहीतर उद्याच इंजेक्शन मागेल.