बाथरूममध्ये जड टाइल्स लावण्यापूर्वी जुना गिलावा ठेवावा की विटेपर्यंत काढावा?

नमस्कार. बाथरूमच्या भिंतींना ६०० बाय १२०० मिलिमीटरच्या, १२ मिलिमीटर जाडीच्या व्हिट्रिफाइड टाइल्स लावायच्या आहेत. एकेक टाइल वीस किलोच्या आसपास भरते, म्हणजे चौरस मीटरला सुमारे २८ किलो, आणि त्यावर चिकटवण्याच्या केमिकलचे चार-पाच किलो वेगळे. अशी टाइल पाणी जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे नुसत्या सिमेंटवर ती धरत नाही, एवढे मला पटले आहे. माझी शंका केमिकलच्या मागे काय आहे याची आहे.

तीन भिंती विटांच्या आहेत. खालच्या भागातील जुन्या सिरॅमिक टाइल्स काढल्या असून वरच्या भागावर पुट्टी आणि ऑइलपेंट आहे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे ठोकून पाहिले, तेव्हा बहुतेक ठिकाणी खणखणीत आवाज आला, पण नळाच्या बाजूला हात-दीड हात जागेत तो बद्द येतो. तिथे छिन्नी लावताच तळहाताएवढा गिलावा अख्खा निघाला आणि त्याच्या पाठीला विटेची कोरडी, लाल पूड चिकटलेली होती. केमिकल कितीही चांगले वापरले, तरी विटेनेच गिलावा सोडला तर टाइल गिलाव्यासकट खाली येईल, ही भीती तेव्हापासून मनात आहे.

गवंड्यांचे म्हणणे असे, की रंगावरच टाचे मारू आणि टाइलच्या चार कोपऱ्यांना व मध्ये केमिकलचे गोळे देऊन ती दाबून बसवू. रंग व पुट्टी पूर्ण खरवडून काढण्याविषयी मी ठाम आहे. गोळ्यांच्या पद्धतीत मागे पोकळी राहते आणि तिथे पाणी साचते, म्हणून दातेरी थापीने भिंतीवर व टाइलच्या पाठीवरही केमिकल पसरावे, असे मी त्यांना सांगितले आहे. त्यांना ते फारसे रुचलेले दिसत नाही.

चौथी भिंत जिप्सम बोर्डची आहे. ब्रिटनमधील टाइलकामात अशा बोर्डवर केमिकलसह चौरस मीटरला ३२ किलोपर्यंतच वजन धरतात. माझा हिशेब त्याच्या किंचित पुढे जातो, शिवाय ती भिंत शॉवरची. तिथे सिमेंट बोर्ड लावावा, असा विचार आहे.

जाणकारांना विचारायचे ते असे. फक्त बद्द वाजणारा भाग काढून तेवढाच नव्याने गिलावा करणे पुरेसे आहे, की या वजनाला तिन्ही भिंती विटेपर्यंत मोकळ्या कराव्यात? ओळंब्यात एक भिंत ८-९ मिलिमीटर बाहेर आहे. ती चूक केमिकलच्या थराने भरू नये, हे खरे ना? नव्या गिलाव्याला सात दिवस पाणी मारल्यावर टाइल्स लावण्यापूर्वी तो किती दिवस सुकू द्यावा? आणि वॉटरप्रूफिंगचा थर टाइलच्या मागे दिल्यास इतके वजन त्या थरावर टिकते का? ज्यांनी अशा मोठ्या टाइल्स प्रत्यक्ष लावून घेतल्या आहेत, त्यांनी आपल्या भिंतीची आधीची अवस्थाही कृपया लिहावी.