मदत हवी आहे : ‘गोट्या’ मालिकेचे सर्व भाग कोठे पाहता येतील?

नमस्कार. ना. धों. ताम्हनकरांच्या पुस्तकांवर आधारलेली, मुंबई दूरदर्शनवर दाखवली गेलेली ‘गोट्या’ ही मालिका मला माझ्या मुलींसोबत पहिल्या भागापासून पुन्हा पाहायची आहे. अशोक पत्कींनी संगीतबद्ध केलेले ‘बीज अंकुरे अंकुरे’ हे शीर्षकगीत त्यांना पाठ झाले आहे, परंतु ज्या अनाथ, समंजस मुलासाठी आमचे अख्खे घर दूरचित्रवाणीसमोर बसत असे, तो त्यांना अजून भेटलेला नाही. मला सुटे भागच सापडले असून त्यांचा आवाज फार अस्पष्ट आहे. सर्व भाग क्रमाने, अधिकृतरीत्या आणि स्पष्ट ध्वनीसह कोठे मिळतील? दूरदर्शनकडून प्रत विकत घेता येत असल्यास अर्ज कोणाकडे करावा, हेही अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.